मुलाला काय सांगून झोपवता?



आज तुमच्यापुढे एक लहानसा प्रश्न ठेवतो. काल रात्री तुमचे मूल झोपायला कुरकुर करीत होते, तेव्हा त्याला झोपवण्यासाठी तुम्ही काय सांगितलेत? उत्तर मला कळवू नका. ते आपल्याच मनाला द्या. पण खरे द्या.

आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या बाजूच्या वस्त्यांवर दिवेलागणीनंतर एकदा फेरी मारून पाहा. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते. देव्हारा केव्हाच निघाला. लेकरांच्या गळ्यातले ताईत आणि मनगटावरचे काळे गंडे निघाले. लग्न बौद्ध पद्धतीने लागते. इतके सगळे ज्या घरात झाले, त्याच घरातून रात्री नऊच्या सुमारास आवाज येतो, "गप नीज, नाहीतर बागुलबुवा येईल." शेजारच्या घरात पिंपळावरचा मुंजा येत असतो. पलीकडच्या घरात पोलीस येत असतात. आणखी पुढे कुणी फकीर झोळी घेऊन येत असतो, नाहीतर पारधी पोर पळवायला येत असतो.

आपण देव्हारा रिकामा केला, पण पिंपळ रिकामा केला नाही. दीक्षा घेतलेल्या घरात दिवसा धम्म चालतो आणि रात्री जुनेच राज्य चालते, असे हे झाले आहे. ज्यांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी, १९५६ साली किंवा त्यानंतर लगेच, दीक्षा घेतली त्यांच्या घरीही हे आहे. ज्यांनी परवा-परवा दीक्षा घेतली त्यांच्या घरी ते असल्यास नवल नाही. म्हणून हा लेख कुणाला दोष देण्यासाठी नाही. मूल झोपवणे हे आपण बायकांचे किरकोळ काम समजतो. ते धम्माचरणाचे काम कसे आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

त्यात बिघडले काय?

कुणी म्हणेल, "यात एवढे बिघडले काय? दिवसभर कापूस वेचून किंवा मोसंबीच्या बागेत राबून आलेली आई. तिला चूल आहे, भांडी आहेत, पहाटे परत उठायचे आहे. बागुलबुवाचे नाव घेतले की पोर डोळे मिटते. सकाळी ते सगळे विसरून जाते."

त्या आईच्या थकव्यापुढे मी हात जोडतो. पण पोर विसरते हे खरे नाही. अंधारात एकटे परसाकडे जायला घाबरणारा मोठा माणूस तुम्ही पाहिला असेल. पिंपळावर मुंजा नाही हे त्याला ठाऊक असते. तरी पाय उचलत नाही. हा धडा त्याला कोणत्या शाळेत मिळाला? तो झोपेच्या वेळी, अगदी आपल्या माणसाच्या तोंडून मिळालेला असतो. दिवसा शिकवलेले पोर विसरते. पण डोळे मिटता मिटता कानावर पडलेले खोल जाऊन बसते.

दुसरी गोष्ट असत्याची. आपण पंचशील रोज म्हणतो आणि त्यात खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील आहे. मुलाशी बोललेले खोटे हे खोटे नसते, असा अपवाद त्यात कुठे आहे? तथागतांनी तर नेमका उलट उपदेश केला आहे, आणि तोही आपल्या पोटच्या मुलाला.

मज्झिमनिकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. तो आंबलट्ठिकेला झाला. संध्याकाळी ध्यानातून उठून तथागत राहुलाकडे गेले. त्याने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून तथागत म्हणाले की, जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तोच बोध दिला. शेवटी सांगितले की, थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही, असे तू शीक.

परंपरेप्रमाणे राहुल सात वर्षांचा असताना संघात आला. संध्याकाळची वेळ, लहान मुलगा, जवळ बसलेला पिता आणि समोर घरातले एक साधे भांडे. बागुलबुवा नाही, नरकाचे चित्र नाही, छडी नाही. हा उपदेश सम्राट अशोकालाही इतका मोलाचा वाटला की, राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मपाठ त्याने नावानिशी सांगितले, त्यात राहुलाला खोटेपणाविषयी केलेला हा उपदेश आहे. थट्टेतले खोटेही नको असे जिथे सांगितले, तिथे सोयीसाठी बोललेले खोटे कसे चालेल?

आपण कुणाचे भय घालतो?

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. मुंजा आणि हडळ निदान खोटी असतात. पण फकीर, पोतराज, वडार, पारधी ही खरी माणसे आहेत. जालन्याच्या बाजाराला ती येतात, गावाबाहेर पाल टाकून राहतात, त्यांनाही लेकरे आहेत.

बांधवांनो, आपल्या आजोबा-पणजोबांविषयी गावातल्या मुलांना काय सांगितले जात होते ते आठवा. "तिकडे जाऊ नको, विटाळ होईल." ते वाक्य ऐकणारे मूल तीन-चार वर्षांचे असे. त्याने मनुस्मृती वाचलेली नसे; त्याला अक्षरही येत नसे. अस्पृश्यता त्याला आईच्या मांडीवर मिळाली, आणि म्हणूनच पुढे शाळा शिकूनही ती त्याच्या अंगातून निघाली नाही.

आता तुम्ही आपल्या लेकराला "पारधी पकडून नेईल" असे सांगता, तेव्हा तेच बी तुम्ही पेरत असता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने किती तरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या. कायद्याने पुसलेला शिक्का आपण अंथरुणावर बसून पुन्हा मारायचा काय? सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. ती प्रतिज्ञा सभेत मोडली जात नाही. ती रात्री नऊ वाजता, नकळत मोडली जाते.

अंधाराला घाबरणाऱ्या मुलाचे काय करावे?

येथे एक रास्त शंका निघेल. आपण भय घातले नाही तरी लहान मूल अंधाराला घाबरते. त्याचे काय करावे? "घाबरायला काय झाले, तू आंबेडकरांचा ना?" असे खेकसणारे पालकही मी पाहिले आहेत. त्याने मूल निर्भय होत नाही. ते आपली भीती लपवायला शिकते.

भीतीचे काय करायचे हे तथागतांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे. भयभेरव सुत्तात ते जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला सांगतात की, बोधी प्राप्त होण्यापूर्वी ते मुद्दाम लोक ज्यांना भितात अशा वनांत आणि चैत्यस्थानी रात्री राहिले. एखादे जनावर जवळून जाई, मोर वाळकी काटकी मोडी, वारा पाचोळा सळसळवी, आणि मनात येई, भय ते हेच काय? मग त्यांनी ठरवले की भयाची वाट पाहत बसायचे नाही. चालताना भीती वाटली तर चालता चालताच तिला दूर करायचे, बसलेले असताना वाटली तर बसल्या जागीच. म्हणजे सिद्धार्थ गौतमाला भीती वाटली होती. भीती वाटणे ही लाज नव्हे. तिच्यापासून न पळता, हे काय आहे ते पाहणे, हा मार्ग आहे.

मुलाला हेच शिकवता येते. पत्र्यावर काही वाजले आणि ते बिलगले, तर "काही नाही" म्हणून त्याला दाबू नका. बॅटरी घ्या, हात धरा, बाहेर न्या. मांजर असेल, वारा असेल, लिंबाची फांदी पत्र्याला घासत असेल. त्याला ते त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. दोन-चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी ते स्वतःच म्हणेल, "बाबा, फांदी आहे." चिकित्सक बुद्धी म्हणून आपण व्याख्यानांत जिचा गौरव करतो, तिचा जन्म असा होतो.

मात्र खऱ्या धोक्याला खोटे म्हणू नका. आपल्याकडे विंचू निघतात, साप निघतात. अंथरूण झटकून घालणे, अंधारात पाय टाकण्यापूर्वी उजेड करणे हे शिकवलेच पाहिजे. ती सावधगिरी आहे. तिला कारण असते आणि उपाय असतो. बागुलबुवाला दोन्ही नसते. मुलाला हा फरक समजला की त्याच्या मनातला निम्मा अंधार जातो.

भीती खरीच असेल तर?

आता कठीण प्रश्नाकडे येतो. भीती खरीच असेल आणि तिच्यावर आपल्या हाती उपाय नसेल, तर मुलाला काय सांगावे? "काही होणार नाही" असे खोटे सांगावे, की खरे सांगून त्याची झोप उडवावी?

या ठिकाणी स्वतःची एक आठवण सांगणे भाग आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दंगल उसळली. गावोगाव आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तारासाठी पुढे १४ जानेवारी १९९४ ची वाट पाहावी लागली. आम्ही तेव्हा परतूर भागातल्या एका लहान गावात होतो. जालना जिल्हा अजून व्हायचा होता; तो १ मे १९८१ ला झाला. गावाचे नाव देत नाही, कारण ते गाव आजही माझेच आहे. मी सात वर्षांचा होतो. आमच्या गावात काही घडेल अशी आवई उठली, आणि वस्तीतली माणसे रात्री बायका-पोरांना घेऊन ओढ्याच्या काठच्या रानात जाऊन बसली. भुरभुर पाऊस होता. आजीने पोत्याची खोळ करून माझ्या डोक्यावर घातली. मी विचारले, "आजी, ते इकडं येतील का?"

आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "येतील का न येतील, मला ठावं न्हाई बाबा. पर मी जागी हाय. तू नीज."

आणि मी झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा ती तशीच बसलेली होती. आमची घरे त्या खेपेला वाचली. अनेकांची वाचली नाहीत.

पुढे पुष्कळ वर्षांनी राहुलाचा उपदेश वाचला तेव्हा मला आजीचे ते शब्द आठवले. ती एक अक्षर शिकलेली नव्हती. तिला माहीत नव्हते ते तिने माहीत नाही म्हणून सांगितले. तिच्या हाती जेवढे होते, म्हणजे जागे राहणे, तेवढे तिने दिले. तिने सुरक्षिततेचे वचन दिले नाही, कारण ते तिला देता येत नव्हते. सोबतीचे वचन दिले आणि रात्रभर ते पाळले. मुलाला झोप कशाने येते? जग चांगले आहे अशी खात्री पटल्याने नव्हे; आपले माणूस खोटे बोलणार नाही आणि उठून जाणार नाही, या खात्रीने येते. मुलाला भीतीने झोपवू नका आणि खोट्या धीरानेही झोपवू नका. सोबतीने झोपवा. माझे सारे सांगणे एवढेच आहे.

घरातला खरा बागुलबुवा

सोबतीने झोपवायचे तर सोबत देणारा शुद्धीवर असला पाहिजे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. काही घरांत मुलांना बागुलबुवा सांगावाच लागत नाही. रात्री दहाच्या सुमारास तो स्वतःच अडखळत दार ढकलतो. त्याच्या पावलांचा आवाज मुले ओळखतात आणि डोळे गच्च मिटून झोपेचे सोंग घेतात. ते सोंग म्हणजे त्या मुलांच्या आयुष्यातले पहिले खोटे, आणि ते त्यांना बापाने शिकवलेले असते.

बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. ती आपण आरोग्यासाठी आणि पैशासाठी आहे असे समजतो. तशी ती आहेच. पण मला वाटते ती आधी लेकरांच्या झोपेसाठी आहे. ज्या बापाला ती पाळता येत नसेल, त्याने निदान एवढा विचार करावा की, भिंतीवरच्या तसबिरीखाली निजलेल्या आपल्या मुलाला या घरात कुणाची भीती वाटते.

रामजीबाबांचे उदाहरण

कुणी म्हणेल, "आमचे घर एका खोलीचे. मुलासाठी वेगळी वेळ, वेगळी जागा आणायची कुठून?" बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मुंबईला परळच्या चाळीत राहायला आले, तेव्हा त्यांच्याकडेही एकच खोली होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे. स्वयंपाक तिथेच, सरपण तिथेच, अभ्यास तिथेच. सर्वांना एकदम निजायला जागा पुरत नसे. तेव्हा रामजीबाबा भीमरावाला लवकर झोपायला सांगत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोन वाजता मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि मग त्याच्या जागेवर आपण निजत. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीमराव वाचीत बसे.

याचा अर्थ आजच्या मुलांना रात्री दोनला उठवावे असा नाही. मुलांना पुरेशी झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. घ्यायचा बोध असा की, रामजीबाबांनी आपल्या झोपेतून मुलाची झोप काढली. भीमरावाची आई भीमाबाई तो लहान असतानाच गेल्या होत्या. मुलांचे निजणे-उठणे हे काम बापाने केले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. वडील त्यांना घरी जमलेल्या माणसांपुढे रामायण-महाभारत वाचायला लावीत. हे ग्रंथ का वाचायला लावता, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा वडिलांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य असल्यामुळे आपल्यात न्यूनगंड निर्माण होतो. तो जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून वर आले, वाल्मीकी तर कोळी होता, हे पाहा. ते उत्तर बाबासाहेबांना पटले नाही. पुढे दादा केळुसकरांनी दिलेले बुद्धचरित्र वाचले आणि त्यांना वेगळी वाट दिसली. परंतु रामजीबाबांचा हेतू लक्षात घ्या. मुलाच्या मनातला न्यूनगंड घालवावा म्हणून त्या घरात वाचन चालत होते. त्यांच्यापाशी योग्य ग्रंथ नव्हता. तो आज आपल्यापाशी आहे. हेतू मात्र त्यांच्याकडून घ्यायला हवा.

रात्रीचा नेम

तेव्हा एक साधा नेम सुचवतो. तो अर्ध्या तासाचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पहिले, वेळ ठरवा. आठ म्हणजे आठ, साडेआठ म्हणजे साडेआठ. शरीराला रोजची वेळ कळते. त्या वेळेपूर्वी तासभर दूरदर्शन आणि मोबाईल बंद ठेवा. त्यांचा झगमगीत उजेड झोपेला दूर सारतो. हात-पाय धुवा, अंथरूण झटका, मोठा दिवा घालवून लहान ठेवा.

दुसरे, सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हणा. थोडे म्हणा, पण अर्थ सांगून म्हणा. मूल पेंगले असेल तर ओरडू नका. एक सूचना कळकळीची आहे. "वंदना केली नाहीस तर बुद्ध रागावतील, बाबासाहेबांना आवडणार नाही," असे कधीही म्हणू नका. बुद्ध हे देव नव्हेत. ते कोपत नाहीत आणि शिक्षा करीत नाहीत. बागुलबुवाच्या जागी बुद्ध बसवला तर आपण धम्मांतर केले कुठे? नुसते भीतीचे नाव बदलले.

तिसरे, राहुलाचे प्रश्न. त्याच उपदेशात तथागतांनी राहुलाला सांगितले की, आरशात जसे तोंड पाहतो तसे आपल्या कृतीकडे, बोलण्याकडे आणि मनाकडे करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे. स्वतःला किंवा दुसऱ्याला त्याने दुःख होते का ते तपासावे. झोपताना तीन प्रश्न पुरे. आज माझ्या हातून कुणाला लागले का? माझ्या बोलण्याने कुणी दुखावले का? माझ्या मनात कुणाविषयी राग आहे का? आधी उत्तर मोठ्यांनी द्यावे. "आज मी तुझ्या आईवर विनाकारण ओरडलो, ते चुकले," असे बाप मुलासमोर म्हणाला, तर त्या एका वाक्याने दहा व्याख्यानांचे काम होईल. मुलाने कबूल केलेल्या चुकीवर त्या रात्री शिक्षा करू नये. शिक्षा केलीत तर दुसऱ्या रात्रीपासून ते खरे सांगणार नाही.

चौथे, एक गोष्ट. येथे चिकित्सक वाचक विचारतील की, बागुलबुवा खोटा म्हणून नको, मग बोलणारा हत्ती आणि माकड तरी कसे चालतात? फरक आहे. गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगितली की ती खोटे बोलणे होत नाही. माकड बोलत नाही हे मुलाला ठाऊक असते. माकडाच्या तोंडून माणसाविषयी काही कळते म्हणून त्याला ती हवी असते. बागुलबुवा मात्र खरा आहे असे पटवून मुलाला वाकवायचे असते. तेव्हा जातककथा जरूर सांगा. उपाली न्हाव्याची सांगा, सुनीत भंग्याची सांगा, चांडाळ कन्या प्रकृतीची सांगा. त्यांना जवळ करताना तथागतांनी जात विचारली नाही, हे त्यात सांगा.

आणि आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट आहे, ती सांगायला विसरू नका. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या उपासकांनी सांचीच्या आणि भरहुतच्या स्तूपांसाठी दान दिले. तसे लेख तिथल्या दगडांवर कोरलेले आहेत. भोकरदनपासून अजिंठा काही फार लांब नाही. तिथल्या सतराव्या लेण्यात, दाराशी आलेल्या तथागतांसमोर आपल्या लहान राहुलाला पुढे करून उभी असलेली यशोधरा रंगवलेली आहे. मुलाला सुट्टीत तिथे न्या. "ज्याची गोष्ट आपण रात्री करतो तो हा राहुल," असे म्हणा. आपण उपटसुंभ नाही, या मातीत धम्म पूर्वी होता आणि तो आपण परत आणला, हे त्याला त्या चित्रापुढे न शिकवता कळेल. रामजीबाबांना जो न्यूनगंड घालवायचा होता, तो असा जातो.

पाचवे, मैत्री. दिवा मालवताना मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगा: आपण सुखी असू, शेजारी सुखी असोत, गोठ्यातले जनावर सुखी असो, ज्याच्याशी आज भांडण झाले तोही सुखी असो. मैत्रीचे जे अकरा लाभ तथागतांनी सांगितले आहेत, त्यांत पहिले तीन झोपेचेच आहेत: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्न पडत नाही. ज्यांना गाणे येते त्यांनी गावे. मराठवाड्यातल्या आयाबायांनी जात्यावर भीमरायाच्या ओव्या गायिल्या आहेत. वामनदादा कर्डकांनी गाणी दिली आहेत. हळू आवाजात ती अंगाई म्हणूनही गोड लागतात.

ज्यांचे घरच हलते आहे

माझ्या डोळ्यांपुढे आता वेगळी घरे आहेत. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून किती तरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोयता नवरा-बायकोचा, उचल मुकादमाची, आणि राहणे पाचटाच्या कोपीत. गाडी रात्री भरायची, फडावर पहाटे जायचे. त्यांना मी आठ वाजताचा नेम काय सांगू? जालन्याच्या लोखंडी सळईच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या बापाला काय सांगू?

एवढेच सांगतो की, वेळ पाळता आली नाही तर क्रम पाळा. कोपीत अर्धा तास मिळत नसेल; पाच मिनिटे मिळतील. पाठीवर हात, एक प्रश्न, एक ओळीची गोष्ट आणि खरे वाक्य: "मी गाडी भरायला चालले. पहाटेपर्यंत येईन. तोवर ताई जवळ आहे." मूल झोपल्यावर गुपचूप निघून जाणारी आई त्याला फसवते असे त्याला वाटते, मग ते रोज झोपेला भिते. सांगून गेलेली आई परत येते हे त्याला दोन दिवसांत कळते. गावी आजीपाशी ठेवलेल्या मुलांना फडावरून रोज एकदा आवाज ऐकवा. जो मोबाईल झोपेच्या वेळी बंद ठेवा म्हटले, तो एवढ्यासाठी अवश्य चालू ठेवा.

तुमच्याकडे पलंग नाही, गादी नाही, याचे दुःख करू नका. आळवीच्या हत्थकाने थंडीच्या दिवसांत तथागतांना पाचोळ्यावर बसलेले पाहिले. गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, बोचरा वारा, अंगावर पातळ चीवर. त्याने विचारले, "भन्ते, झोप चांगली लागली का?" तथागत म्हणाले की, जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे, आणि मऊ गाद्या-गिरद्यांवर निजूनही ज्याचे मन लोभाने, द्वेषाने किंवा मोहाने जळते त्याला सुखाची झोप कुठून येणार? कोपीतल्या पाचटावर द्वेषावाचून आणि भयावाचून झोपलेले मूल हे त्याच अर्थाने सुखाने झोपलेले असते. अर्थात त्या मुलाला शाळा आणि पक्के घर मिळावे यासाठी झगडलेच पाहिजे. तो झगडा दिवसाचा आहे. रात्र आपल्या हातात आहे.

बांधवांनो, भगिनींनो, आज रात्री तुमचे मूल पुन्हा कुरकुर करील. तुम्ही थकलेले असाल. बागुलबुवाचे नाव जिभेच्या टोकावर येईल, कारण आपल्यालाही तेच सांगून झोपवलेले होते. त्या क्षणी थांबा. त्याच्या शेजारी बसा आणि सांगा, "मी इथे आहे." मग खरोखर तिथे राहा.

जय भीम.